सासूबाईंना एक मत द्या

सासूबाईंच्या बोटांना व्यायाम हवा, असं दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या आणि तिथून सगळं सुरू झालं. बाई नुसतं 'व्यायाम' म्हणाल्या होत्या. व्हिडिओ गेमचं नाव त्यांनी काढलं नव्हतं, ते मी मनातल्या मनात जोडलं. सन त्र्याऐंशीची गोष्ट. इंग्लंडातल्या आमच्या चॉर्ली गावच्या बाजारात एका रेडिओवाल्यानं काचेमागे टीव्हीला जोडायचा गेमचा कन्सोल मांडून ठेवला होता, आणि कचेरीतून घरी जाताना (मी पाणीपट्टीच्या कचेरीत कारकून) तिथे आलं की माझे पाय जड व्हायचे. पंचेचाळिशीच्या गृहस्थाला स्वतःसाठी खेळणं विकत घेता येत नाही, लोक हसतात. सासूच्या संधिवातासाठी मात्र काय वाटेल ते घेता येतं.

"हे काय आणलंस?" माझ्या बायकोनं, ऑड्रीनं, खोकं बघून विचारलं.

"आईंच्या बोटांसाठी."

"आईच्या बोटांसाठी घरात लोकर आहे, गॉर्डन."

"लोकरीनं अंगठ्याला व्यायाम होत नाही."

ऑड्रीनं खोक्यावरची किंमत तेवढी वाचली. लग्न जुनं झालं की बायको भांडत नाही, लक्षात ठेवते.

आमच्या सासूबाई, मिसेस एडा क्रॉम्प्टन, सासरे गेल्यावर थोडे दिवस म्हणून आमच्याकडे राहायला आल्या. ते थोडे दिवस अजून चालूच आहेत. सगळी हयात कापडगिरणीत गेलेली, तुटलेला धागा चालत्या मागावर सांधायचा म्हणजे बोटं कशी हवीत ते तुम्हीच समजा. संधिवात झाला तरी ती बोटं माझ्या बोटांपेक्षा चपळ होती, हे मला पहिल्या संध्याकाळीच कळायला हवं होतं.

"ही पाणबुडी माझ्या अंगावर का येतेय?" कन्सोलची दांडी हातात धरून त्यांनी विचारलं.

"शत्रूची आहे, आई."

"कुठल्या शत्रूची?"

"कुठल्या म्हणजे? गेममधल्या."

"जर्मन का?"

"असेल जर्मन."

त्यानंतर त्यांनी एकही पाणबुडी सोडली नाही. माझी पाळी आली तेव्हा चहाची वेळ झाली होती, आणि चहानंतर ऑड्रीची मालिका होती.

गेमचं एक वाईट असतं, तो संपतो. कन्सोलबरोबर आलेले दोन्ही गेम सासूबाईंनी पालथे घातले. नवीन गेमचं कार्ट्रिज घ्यावं तर किंमत ऐकूनच घाम फुटे, आणि आमच्या रेडिओवाल्याकडे होती फक्त तीन, त्यातलं एक पाणबुडीचंच. तेव्हा मी एक अगदी लहानसा निर्णय घेतला. गेमच्या मासिकात चार ओळींची जाहिरात दिली: 'कन्सोलधारकहो, टपालाने एकत्र येऊ या.' कल्पना साधी होती. सगळ्यांनी मिळून घाऊक भावात गेम मागवायचे, माझ्या जेवणाच्या टेबलावरून ते टपालानं धाडायचे, आणि खेळून कंटाळा आला की परत पाठवून दुसरा मागवायचा.

मला वाटलं होतं, दोघंतिघं लिहितील. पण गावोगाव माणसं एकटीच टीव्हीसमोर बसून कंटाळलेली होती. पत्रांचा पाऊस पडला. कॉर्नवॉलच्या टोकाहून मिस ट्रेव्हेना नावाच्या निवृत्त लॅटिन शिक्षिका आल्या. स्कॉटलंडच्या एका बेटावरून रेव्हरंड मॅक्फेल आले, ते रविवार सोडून रोज खेळत. शेजारचे मिस्टर लोमॅक्स तर कुंपणावरूनच सभासद झाले. लोमॅक्स म्हणजे निवृत्त बस इन्स्पेक्टर. त्यांनी नातवासाठी म्हणून कन्सोल घेतला होता. (नातू ऑस्ट्रेलियात असतो.)

तर असा चॉर्ली टपाली कन्सोल क्लब उभा राहिला. मी पत्रं लिहायचो, ऑड्री कुरकुरत पत्रक टाइप करायची, आणि पार्सलं बांधायचं काम सासूबाईंकडे आलं. त्या गिरणीतली गाठ मारत. ती गाठ पोस्टात सुटत नसे आणि सभासदालाही सुटत नसे. शिवाय प्रत्येक पार्सलात घरी भाजलेला, मनुका घातलेला एक चॉर्ली केक घालत, रिकामी जागा भरायला म्हणून.

आता आमच्याकडे असं आहे, की दोन माणसं भेटली की चहा होतो आणि तिसरा आला की समिती होते. क्लब म्हटल्यावर नियमावली हवी. लोमॅक्स हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या बोलिंग क्लबाचे जुने मेंबर, त्यांनी तिथली नियमावली आणून दिली. मी फक्त 'हिरवळ' असेल तिथे 'कन्सोल' घातलं आणि छापून टाकली. (सभासदाने कन्सोलवर सपाट तळव्याचे पांढरे बूट घालूनच उतरावे, हा नियम तसाच राहून गेला. रेव्हरंड मॅक्फेल तो पाळत होते असं नंतर कळलं.) लोमॅक्स खजिनदार झाले आणि मी अध्यक्ष.

अध्यक्ष. हसू नका. कचेरीत इतक्या वर्षांत मला कुणी नावानं हाक मारली नव्हती. "बिलं कुठे गेली?" म्हणून विचारत, ती बिलं म्हणजे मीच. आणि इथे सकाळी दारात पाकिटं पडायची, वर लिहिलेलं असायचं, 'मा. अध्यक्ष, श्री. हिंडल'. मिस ट्रेव्हेना तर सल्ला विचारायच्या, म्हणजे खडकांच्या गेममध्ये आधी उजवीकडे वळावं की डावीकडे. मी दोन दिवस विचार करून उत्तर द्यायचो. खरं सांगतो, त्या वर्षी मी ताठ चालायला लागलो होतो. ती खुर्ची मला फार प्यारी झाली होती, आणि ती मी मरेपर्यंत सोडणार नव्हतो.

वर्ष संपत आलं तसे एका संध्याकाळी लोमॅक्स नियमावली घेऊन आले.

"गॉर्डन, अध्यक्षाची निवडणूक दरवर्षी घ्यायची असं आहे इथे."

"घेऊ की. उमेदवार मी."

"आणि दुसरा?"

"दुसरा कशाला?"

"एकाच उमेदवाराची निवडणूक?" लोमॅक्सनी चष्मा काढला. "तसल्या निवडणुका रशियात होतात, गॉर्डन. सभासद काय म्हणतील?"

मला ते पटलं. मला नको ते फार पटकन पटतं. पण उभं कोणाला करायचं? लोमॅक्सना केलं असतं तर ते निवडून आले असते, खजिनदाराला सगळे ओळखतात. ऑड्री म्हणाली, मला तुमच्या पोरखेळात ओढू नका. तेवढ्यात माझी नजर कोपऱ्यात विणत बसलेल्या सासूबाईंकडे गेली.

"आई, तुम्ही उभ्या राहता का?"

"कशाला?"

"नुसतं नावाला. काही करायचं नाही."

"आणि निवडून आले तर?"

आम्ही तिघंही हसलो. लोमॅक्सना तर बिस्किटाचा ठसका लागला. सासूबाईही हसल्या, पण जरा उशिरा.

त्यानंतर भांडी विसळताना ऑड्रीनं हळूच विषय काढला.

"गॉर्डन, आईला मतं किती पडतील?"

"आईंना? एकही नाही. म्हणजे कशाला पडतील?"

ऑड्रीनं हातातली बशी खाली ठेवली. "सगळ्यांसमोर मोजणार, आणि माझ्या आईला शून्य?"

"नावालाच तर आहे."

"शून्य नावाला नसतं. तिला वाईट वाटलं तर नाताळपर्यंत या घरात कुणी तुझ्याशी बोलणार नाही, सांगून ठेवते. नाताळानंतरचं नंतर बघू."

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? मी ठरवलं, काही झालं तरी सासूबाईंना शून्य मिळू द्यायचं नाही. रेव्हरंड मॅक्फेलना खाजगी चिठ्ठी लिहिली: 'आमच्या सासूबाई वयस्कर आहेत, त्यांचं मन राखायला आपण त्यांना एक मत द्यावं ही विनंती. माझी चिंता नसावी, माझं भागेल. कृपया कुणाला सांगू नये.' मग मनात आलं, रेव्हरंड विसरले तर? बेटावरची बोट चुकली तर? म्हणून तशीच चिठ्ठी मिस ट्रेव्हेनांनाही लिहिली. मग वाटलं, म्हातारी माणसं दोघंही, एखादं आजारी पडलं तर? एकदा मनावर घेतलं की मी मागे हटत नाही. आठवडा संपेपर्यंत मी प्रत्येक सभासदाला चिठ्ठी लिहिली होती, आणि प्रत्येकाला बजावलं होतं की कुणाला सांगू नका.

सभेच्या दिवशी बाहेरची खोली उघडली. (ती एरवी फक्त नाताळाला आणि कुणी गेलं तर उघडते.) अंड्याचे सँडविच, मधे जॅम भरलेला स्पंज केक, चांगल्या कपबशा. हजर आम्ही चौघंच, बाकीच्यांची मतं टपालानं आलेली, ती पाकिटं चहाच्या ट्रेमध्ये रचून ठेवली होती. लोमॅक्सनी घसा साफ केला आणि पहिलं पाकीट फोडलं.

"क्रॉम्प्टन."

मी ऑड्रीकडे बघून मान हलवली. रेव्हरंड शब्दाला जागले म्हणायचं. चला, नाताळ सुटला.

"क्रॉम्प्टन."

ह्या मिस ट्रेव्हेना असणार. बाईमाणूस मोठ्या मनाची.

"क्रॉम्प्टन."

"छान, छान," मी म्हणालो. "सँडविच घ्या ना, आई."

"क्रॉम्प्टन. क्रॉम्प्टन. आणि हे, थांबा, हस्ताक्षर वाईट आहे. क्रॉम्प्टन."

मी कपबशी खाली ठेवली. "लोमॅक्स, जरा नीट बघा. एखादं हिंडल असेल."

"गॉर्डन, सगळा जन्म तिकिटं तपासण्यात गेला माझा."

ट्रे रिकामा झाला. एका पाकिटात तर मताबरोबर केकची कृती मागितली होती. उरली हजर असलेल्यांची मतं. ऑड्री म्हणाली, "माझी आई आहे, मी दुसऱ्या कुणाला देणार?" लोमॅक्स म्हणाले, "मला वाटलं बाकी सगळे तुलाच देतील, तेव्हा आपण एक इकडे द्यावं." माझं मत कुणाला होतं ते मी सांगत नाही, पण स्वतःला मत देणारा माणूस आमच्याकडे सभ्य समजत नाहीत, आणि उमेदवार दोनच होते.

"आणि तुम्ही, मिसेस क्रॉम्प्टन?" लोमॅक्सनी विचारलं. "तुम्ही गॉर्डनला दिलं असणार."

"मी मला दिलं," सासूबाई म्हणाल्या. "मला मी बरी वाटले."

एकमतानं निवड झाली. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, दुसरं काय करणार. सासूबाईंनी लोकरीच्या पिशवीतून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि नियमावली उघडली.

"पहिला विषय, टीव्ही."

"टीव्हीचा काय संबंध, आई?"

"कन्सोल अध्यक्षाच्या ताब्यात राहील, असा नियम आहे. तूच छापलायस."

"ते हिरवळीबद्दल होतं."

"इथे कन्सोल लिहिलंय. आणि तो टीव्हीशिवाय चालत नाही. दोन्ही वर माझ्या खोलीत न्यावेत, असा ठराव मी मांडते."

लोमॅक्सनी अनुमोदन दिलं. (तोंडात केक होता, तरी दिलं.) ठराव मंजूर झाला. मी तटस्थ राहिलो, कारण तोपर्यंत टीव्हीचं एक टोक माझ्या हातात होतं.

त्या दिवसापासून आमचं घर वरच्या खोलीत भरायला लागलं. ऑड्री आपली मालिका आईच्या पलंगाच्या कडेला बसून बघायची. मी पायथ्याशी, गरम पाण्याच्या पिशवीशेजारी. मालिका संपली की आम्हाला खाली पाठवून अध्यक्ष कामाला लागत. आणि काम कसलं करत होत्या म्हणता. मी पत्राला दोन दिवस विचार करून उत्तर द्यायचो, त्या उभ्या उभ्या देत. 'उजवीकडे वळा. केक ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा.' मिस ट्रेव्हेनांनी कळवलं, इतकं स्पष्ट मार्गदर्शन क्लबात पूर्वी मिळत नसे. पूर्वी म्हणजे माझ्या काळात.

मी रागावलो होतो का? हो, रागावलो होतो. जेवताना शेजारी बसलेल्या माणसावर रागावणं फार कष्टाचं असतं, पण मी केलं. एकदा धीर करून वर गेलो.

"आई, तो चंद्रावरच्या टॅक्सीचा नवा गेम आलाय ना?"

"आलाय. अर्ज कर, बाळा."

"अर्ज कसला? मी इथे उभा आहे."

"सभासदानं गेम टपालानंच मागवावा, असा नियम आहे. लांबच्यांवर अन्याय नको म्हणून."

"माहीत आहे, मागाहून मीच घातला तो नियम."

"मग? रेव्हरंड मॅक्फेलना इथे येऊन उभं राहता येतं का?"

"नाही."

"झालं तर."

मी खाली येऊन अर्ज लिहिला, कोट घातला, कोपऱ्यावरच्या पेटीत टाकला. दुसऱ्या दिवशी पोस्टमननं तो आमच्याच दारातून आत सरकवला आणि मीच तो उचलून वर नेऊन दिला. पुढे दोन दिवसांनी उत्तर आलं. 'प्रिय सभासद, अर्ज पोचला. सध्या प्रत शिल्लक नाही. आपली, ए. क्रॉम्प्टन, अध्यक्ष.' ते वाचत मी जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो आणि डोक्यावरच्या छतातून टॅक्सीचा आवाज येत होता.

तेव्हा मी निश्चय केला. पुढच्या निवडणुकीला ही खुर्ची परत घ्यायची, मग आकाश कोसळलं तरी बेहत्तर. अविश्वासाचा ठराव आणून पाहिला, अनुमोदक मिळेना. मग चुकीच्या मुळाशी गेलो. लोकांनी आईंना मतं दिली ती सभ्यपणानं, म्हणजे मला फक्त एवढंच सांगायला हवं होतं की या वेळी सभ्यपणाची गरज नाही. पण हे लिहायचं कसं? स्वतःसाठी मतं मागायची म्हणजे, शी. मी आठवडाभर कागद फाडले. शेवटी प्रत्येक सभासदाला एक समतोल चिठ्ठी गेली: 'या वेळी कुणाच्याही मनाचा विचार न करता, आपल्याला खरोखर योग्य वाटेल त्यांनाच मत द्यावं.' प्रत्येकाला कळेल मला काय म्हणायचंय, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

आणि त्यांनी अगदी तसंच केलं.

पुन्हा बाहेरची खोली, पुन्हा सँडविच, पुन्हा तो ट्रे. पाकिटं आता दुप्पट झाली होती, क्लब वाढला होता. लोमॅक्स क्रॉम्प्टन, क्रॉम्प्टन वाचत राहिले, अगदी बस थांब्यांची नावं घेतल्यासारखे. या वेळी मी कपबशी हातात घेतलीच नव्हती. टपालाचा ट्रे संपला, खोलीतल्या चार चिठ्ठ्या उरल्या. त्यातली एक कोरी होती, ती माझी. आईंना द्यायची नाही हे ठरलेलं होतं आणि स्वतःला देववेना.

"क्रॉम्प्टन," लोमॅक्स म्हणाले. मग पुढची उघडून त्यांनी चष्मा पुसला. "हिंडल."

"पुन्हा वाचा," मी म्हणालो.

"हिंडल. स्वच्छ लिहिलंय."

उरलेली चिठ्ठी क्रॉम्प्टन निघाली. मी हरलो, साफ हरलो. पण तुम्हाला खोटं वाटेल, मी आपणहून लोमॅक्सना केकचा दुसरा तुकडा वाढला. सबंध देशात एक माणूस होतं ज्याला मी अध्यक्ष व्हावं असं वाटत होतं, आणि ते ह्या खोलीत बसलेलं होतं. कोण ते विचारायची गरज नव्हती. पाहुणे गेल्यावर (म्हणजे लोमॅक्स गेल्यावर) मी फडकं घेऊन भांड्यांपाशी ऑड्रीशेजारी उभा राहिलो. इतकी वर्षं मी तिला ओळखलंच नाही, असं मला वाटत होतं.

"ऑड्री," मी म्हणालो, "थँक्यू."

"कशाबद्दल?"

"त्या मताबद्दल."

"ते मी नाही दिलं."

"तू नाही? मग लोमॅक्स?"

"लोमॅक्स आईला देतात. त्यांना केक हवा असतो."

मी फडकं खाली ठेवलं. घरात आता एकच माणूस उरत होतं, आणि वरच्या खोलीत टॅक्सी सुरू झाली होती.

"आईनं दिलं तुला," ऑड्री कप पुसत म्हणाली. "सगळ्यांसमोर शून्य आलं तर बिचाऱ्याला वाईट वाटेल म्हणाली. मी म्हटलं, मग बाकीच्या सभासदांनाही लिहून सांगते, एकेक मत द्या गॉर्डनला. तर म्हणाली, नको गं, लिहिलं तर लोक खरंच देतात."